पशुखाद्याचे नियम आणि बीफची निर्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीफच्या जागतिक व्यापाराला गेल्या चाळीस वर्षांत जे सगळ्यात मोठे धक्के बसले, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ गव्हाणीत होतं. जनावराच्या पुढ्यात काय टाकलं, ते कुठल्या कारखान्यात तयार झालं आणि त्याची नोंद कुणी ठेवली, या प्रश्नांच्या उत्तरांवर देशोदेशींचे बाजार बंद झाले आणि उघडले. पशुवैद्यकाचे विद्यार्थी, खाद्यविक्रेते, निर्यातीत काम करणारे आणि चार म्हशी सांभाळणारे शेतकरी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

गाय तर गवत खाते. तिच्या खाद्यात मांस आलं कुठून?

दुधासाठी प्रथिनं लागतात. आपल्याकडे ती सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, चुनी यांतून येतात. युरोप-अमेरिकेत कत्तलखान्यांतून उरणारी हाडं, आतडी आणि मांसाचे तुकडे शिजवून, चरबी वेगळी काढून, उरलेला चोथा वाळवून दळायचा धंदा जुना आहे. या भुकटीत निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात आणि ती स्वस्त पडते. म्हणून कोंबड्या-डुकरांच्या खाद्याबरोबर गाईंच्या खुराकातही ती मिसळली जाऊ लागली. दुधाळ गाईंच्या वासरांना आईचं दूध लवकर तोडून तयार खुराकावर आणतात, त्यामुळे ही भुकटी सगळ्यात जास्त त्यांच्याच पोटात गेली. मांसासाठी पाळलेली वासरं आईबरोबर चरत राहायची. पुढे याच भुकटीतून पसरलेला मॅड काऊ रोग दुधाच्या कळपांत जास्त का दिसला, त्याचं कारण हे.

मॅड काऊ हा रोग नेमका काय आहे?

शास्त्रीय नाव लांबलचक असल्यानं सगळे बीएसई म्हणतात. गाईचा मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र होतो, ती बिथरते, तोल जातो, शेवटी उठता येत नाही. कारण जिवाणू नाही आणि विषाणूही नाही. चुकीच्या पद्धतीनं घडी पडलेलं प्रथिन, ज्याला प्रिऑन म्हणतात, ते शेजारच्या निरोगी प्रथिनांनाही तशीच घडी घालत जातं. या संशोधनासाठी स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ साली नोबेल मिळालं.

नियमांच्या दृष्टीनं तीन गोष्टी महत्त्वाच्या. प्रिऑन साध्या शिजवण्यानं मरत नाही; युरोपनं ठरवलेली प्रक्रिया १३३ अंश सेल्सिअस, तीन बार दाब आणि वीस मिनिटं अशी आहे, आणि तीही शंभर टक्के हमी देत नाही. दुसरं, लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी चार-पाच वर्षं जातात. आणि लागण व्हायला बाधित मेंदूचा एक ग्रॅमसुद्धा लागत नाही. नियम किती काटेकोर पाळावा लागेल, हे या तिसऱ्या गोष्टीनं ठरवलं. ते कळायला मात्र सरकारांना वेळ लागला.

ब्रिटननं १९८८ सालीच भुकटीवर बंदी घातली होती ना? मग रोग थांबला का नाही?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

रोग ओळखला गेला नोव्हेंबर १९८६ मध्ये. साथरोगतज्ज्ञ जॉन वाइल्समिथ यांनी वर्षभरात मांस-हाडांच्या भुकटीवर बोट ठेवलं. जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना ती खाऊ घालायला बंदी झाली. इतक्या लवकर योग्य निदान आणि योग्य कायदा, ही साधी गोष्ट नव्हे. तरीही १९९२ या एकाच वर्षात ३७ हजारांवर गाई रोगी सापडल्या आणि एकूण आकडा १ लाख ८० हजारांपलीकडे गेला.

१९९२ चा उच्चांक बराचसा बंदीआधीच्या लागणीचा होता, कारण रोग उशिरा दिसतो. पण बंदीनंतर जन्मलेल्या ४० हजारांहून जास्त गाईंनाही रोग झाला. त्यांनी तो खाल्ला कुठून? बंदी लागू करताना व्यापाऱ्यांना पाच आठवड्यांची सवलत दिली होती आणि जुना माल त्यानंतरही खपवला गेला. त्याहून मोठं कारण म्हणजे भुकटी कोंबड्या-डुकरांसाठी कायदेशीरच होती. एकाच कारखान्यात, त्याच मिक्सरमध्ये, त्याच पट्ट्यावरून सकाळी डुकरांचं खाद्य आणि दुपारी वासरांचा खुराक निघत होता. कोपऱ्यात राहिलेली चिमूटभर पूड पुढच्या घाण्यात जायची आणि चिमूटभरच पुरेशी होती.

ती भुकटी देशाबाहेरही विकली जात राहिली. शेवटी १९९६ साली पाळीव पशूंच्या कुठल्याही खाद्यात सस्तन प्राण्यांची भुकटी घालायला पूर्ण बंदी आली. ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या फिलिप्स चौकशी अहवालात हा सगळा तपशील खंडच्या खंड भरून नोंदवलेला आहे. कायदा करणं आणि तो कारखान्याच्या जमिनीपर्यंत पोचणं, या दोन्हींच्या मधली ही आठ वर्षं आहेत.

निर्यात कधी बंद झाली?

२० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितलं, की दहा तरुण रुग्णांमध्ये दिसलेल्या मेंदूच्या नव्या रोगाचा संबंध बहुधा बीएसईशी आहे. त्याच महिन्यात युरोपीय संघानं ब्रिटिश बीफच्या निर्यातीवर जगभरासाठी बंदी घातली. बंदी फक्त युरोपपुरती नव्हती, हे लक्षात घ्या. ब्रिटनला ते इतर कुठेही विकता येत नव्हतं.

१९९९ साली कडक अटींवर थोडी वाट उघडली, तरी फ्रान्सनं माल घ्यायला नकार दिला. युरोपीय न्यायालयानं २००१ मध्ये फ्रान्सच्या विरोधात निकाल दिल्यावर २००२ साली तो बाजार उघडला. संघाची बंदी पूर्ण उठली मे २००६ मध्ये. जपाननं दार उघडलं २०१९ साली आणि अमेरिकेनं २०२० साली. खाद्यातला दोष दूर झाल्यानंतरही दोन दशकांहून जास्त काळ हे बाजार मिळाले नाहीत. माणसांची किंमत तर वेगळीच: ब्रिटनमध्ये १७८ जण या रोगानं गेले, त्यांतले बरेच तरुण होते.

"आमच्याकडे हा रोग नाही" असं म्हणणाऱ्या देशांचं काय झालं?

जर्मनी वर्षानुवर्षं तसं म्हणत होती. नोव्हेंबर २००० मध्ये स्वतःच्याच मातीत जन्मलेली पहिली रोगी गाय सापडली आणि जानेवारीत आरोग्य आणि कृषी अशा दोन्ही मंत्र्यांना जावं लागलं. जपाननं २००१ च्या उन्हाळ्यात युरोपीय तज्ज्ञांचं धोक्याचं मूल्यांकन धुडकावलं. सप्टेंबरात चिबा प्रांतात पहिली गाय सापडली. त्यानंतर जपाननं ऑक्टोबरपासून कत्तलखान्यात येणारं प्रत्येक जनावर तपासायला घेतलं. या निर्णयाचे पडसाद पुढे अमेरिकेलाही भोवले.

अमेरिकेचा खाद्यनियम काय सांगतो?

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा पहिला नियम ४ ऑगस्ट १९९७ पासून लागू झाला. बहुतेक सस्तन प्राण्यांपासून काढलेली प्रथिनं रवंथ करणाऱ्या जनावरांना द्यायची नाहीत. ज्या खाद्यात ती आहेत त्या पोत्यावर "गाई आणि इतर रवंथ करणाऱ्या जनावरांना देऊ नये" असा इशारा छापायचा. खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवायच्या. आणि दोन्ही प्रकारचं खाद्य करणाऱ्या कारखान्यानं यंत्रं साफ करण्याची लेखी पद्धत पाळायची. रक्त, दूध, जिलेटिन, निव्वळ डुकराचं किंवा घोड्याचं प्रथिन यांना सूट होती.

एकाच कारखान्यात दोन्ही प्रकारचं खाद्य करू देण्याची जी फट ब्रिटनमध्ये महागात पडली, तीच इथेही ठेवलेली दिसते. २००१ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये १,२२२ जनावरांनी बंदी असलेली भुकटी मिसळलेलं खाद्य खाल्ल्याचं उघड झालं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २००२ साली नियमाच्या अंमलबजावणीवर कडक ताशेरे ओढले.

दुसरा नियम २००८ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला आणि २००९ मध्ये लागू झाला. ३० महिने किंवा त्याहून जास्त वयाच्या गाईचा मेंदू आणि मज्जारज्जू आता कुठल्याच प्राण्याच्या खाद्यात चालत नाही, कुत्र्या-मांजरांच्याही नाही. हे शहाणपणाचं पाऊल होतं, कारण घातक भाग कारखान्यात शिरलाच नाही तर चुकून मिसळण्याचा प्रश्नच राहत नाही. कॅनडानं हे दोन वर्षं आधी, जुलै २००७ मध्ये केलं आणि जास्त अवयव वगळले. अमेरिकेत कोंबड्यांच्या शेडमधलं भुसकट, ज्यात सांडलेलं कोंबडीखाद्यही असतं, ते गाईंना घालायला अजून मुभा आहे. २००४ साली त्यावर बंदी आणू असं जाहीर होऊनही अंतिम नियमात ती आली नाही. ही फट बुजवायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका गाईमुळे अमेरिकेचा बाजार खरंच बंद पडला?

हो. २३ डिसेंबर २००३ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या एका होल्स्टिन गाईला बीएसई असल्याचं जाहीर झालं. पुढच्या काही दिवसांत जपान, दक्षिण कोरिया, मेक्सिकोसह डझनावारी देशांनी दारं लावली. गाय मूळची कॅनडातल्या अल्बर्टाची होती आणि तिचा जन्म एप्रिल १९९७ चा, म्हणजे खाद्यबंदी लागू होण्याच्या चार महिने आधीचा.

अमेरिकेचं म्हणणं होतं, की ही गाय जुन्या नियमांच्या काळातली आणि परक्या देशातली आहे. तर्क बरोबर होता, पण आयातदारांचा प्रश्न वेगळा होता: त्याच पोत्यातलं खाद्य आणखी कुणी खाल्लं? आणि १९९७ नंतर नियम पाळला गेला हे दाखवणारं काय आहे तुमच्याकडे? देशभर जनावरांची ओळखनोंदणी नसल्यानं याचं नेमकं उत्तर देता येत नव्हतं. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं २००८ साली काढलेल्या अंदाजानुसार २००४ ते २००७ या काळात बीएसईशी जोडलेल्या निर्बंधांमुळे जवळपास ११ अब्ज डॉलरचं नुकसान झालं.

नियमांत सारखे ३० महिने का येतात? आणि जनावराचं वय सिद्ध कसं करतात?

लागण झालेल्या गाईच्या मेंदूत प्रिऑन मोठ्या प्रमाणात साचायला काळ जातो, म्हणून कोवळं जनावर कमी धोक्याचं मानतात. ३० महिन्यांची रेघ त्यातून आली.

वयाचा दाखला नसेल तर दात बघतात. आपल्याकडे बैलबाजारात दोन दाती, चार दाती, जुळलेला असं म्हणत जबडा उघडून जे बघतात, तेच अमेरिकेच्या कत्तलखान्यात सरकारी निरीक्षक करतो. कायमच्या दातांची दुसरी जोडी हिरडीतून डोकावली, की जनावर ३० महिन्यांपुढचं धरलं जातं. दोन दाती असेपर्यंत ते अलीकडचं.

जपाननं तर २० महिन्यांची अट घातली होती, कारण त्यांच्याकडे २१ आणि २३ महिन्यांची रोगी जनावरं सापडली होती. इतकं कोवळं वय दातांवरून ठरत नाही, म्हणून हाडं किती पिकली आहेत हे बघण्याची वेगळी कसोटी मान्य करावी लागली. डिसेंबर २००५ मध्ये बाजार उघडला आणि जानेवारीत एका खेपेत मणक्याचं हाड सापडल्यानं पुन्हा बंद झाला. जुलै २००६ मध्ये परत उघडला, २०१३ मध्ये मर्यादा ३० महिन्यांवर आली आणि मे २०१९ मध्ये वयाची अट गेली. एका बाजारासाठी सोळा वर्षं!

मग सगळीच जनावरं तपासून मोकळं का नाही व्हायचं?

कॅन्ससमधल्या क्रीकस्टोन फार्म्स या कंपनीनं नेमकं हेच करू म्हटलं होतं. जपानी गिऱ्हाइकाला हवं तर स्वखर्चानं प्रत्येक जनावर तपासू. अमेरिकेच्या कृषी खात्यानं परवानगी नाकारली, प्रकरण कोर्टात गेलं आणि २००८ साली अपील न्यायालयानं खात्याच्या बाजूनं निकाल दिला.

खात्याचा एक मुद्दा शास्त्राला धरून होता. चाचणी मेंदूच्या ऊतींवर होते आणि कोवळ्या जनावरात लागण असली तरी बहुधा दिसत नाही, त्यामुळे "तपासलेलं" या शिक्क्यानं खोटा दिलासा मिळू शकतो. तरीही विकत घेणारा मागतोय आणि विकणारा खर्च उचलतोय, तर अडवायचं कशाला, हा सवाल मला आजही रास्त वाटतो. खरं संरक्षण मात्र खाद्यबंदीच देते. चाचणी ती बंदी पाळली जातेय की नाही, याचा अंदाज देते.

नियम पुरे झाले, सरकारांचा करारही झाला, तरी ग्राहक ऐकेल का?

दक्षिण कोरियानं याचं उत्तर रस्त्यावर दिलं. एप्रिल २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांच्या सरकारनं अमेरिकी बीफला वाट मोकळी केली आणि मे-जूनमध्ये सोल शहरात मेणबत्त्या घेऊन प्रचंड गर्दी उतरली. १० जूनचा मोर्चा त्यातला सर्वांत मोठा. शेवटी ३० महिन्यांखालच्याच जनावरांचं मांस आणायचं, असं ठरलं. तात्पुरती म्हणून केलेली ती सोय वर्षानुवर्षं चालू राहिली. लोकांना वाटलं, की आपल्याला न विचारता आपल्या ताटातला निर्णय घेतला गेला. अशा रागाला प्रयोगशाळेचा अहवाल पुरत नाही.

खाद्याचा काहीही संबंध नसताना बीएसई होऊ शकतो का?

होतो, क्वचित. म्हाताऱ्या गाईंमध्ये आपोआप उद्भवणारा, वेगळ्या प्रकारचा बीएसई असतो. ब्राझीलमध्ये २०२१ साली अशा दोन गाई सापडल्या. चीनबरोबरच्या करारानुसार ब्राझीलनं स्वतःच निर्यात थांबवली आणि ती सप्टेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत अडकून राहिली. २०२३ च्या फेब्रुवारीत पारा राज्यात आणखी एक गाय निघाली, तेव्हा महिनाभरात काम झालं. अशी गाय मात्र पुन्हा खाद्यसाखळीत शिरता कामा नये, म्हणून खाद्यबंदी सैल करून चालत नाही.

बीएसई सोडून खाद्यातल्या इतर कशामुळे बाजार जातो?

कीटकनाशकांमुळे जातो. १९९४ साली ऑस्ट्रेलियात दुष्काळ होता. चारा मिळेना म्हणून जिनिंगमधून निघालेला कापसाचा कचरा जनावरांना घातला गेला. त्या कापसावर क्लोरफ्लुआझुरॉन फवारलेलं होतं. ते चरबीत साठलं, मांसात सापडलं आणि जपानसारख्या गिऱ्हाइकांनी माल रोखला. आज ऑस्ट्रेलियात जनावर विकताना त्याला काय खाऊ घातलं याचं सहीनिशी घोषणापत्र द्यावं लागतं. दुष्काळात मराठवाडा-विदर्भात जनावरांना काय काय घालावं लागतं हे माहीत असलेल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पराटी जनावरं खातातच, आणि फवारणी किती होते हेही आपल्याला ठाऊक आहे.

वाढीसाठी खाद्यात घालतात त्या औषधांमुळेही जातो. रॅक्टोपामाइन अमेरिकेत चालतं, युरोपीय संघात चालत नाही. २०१२ साली कोडेक्स या अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेत त्याची मर्यादा ठरवताना ६९ विरुद्ध ६७ अशी मतं पडली. दोन मतांनी ठरलेलं प्रमाण सगळे देश मनापासून मानतील, ही अपेक्षाच धरू नये.

भारताचं स्थान काय?

गाय, बैल आणि वासरू यांच्या मांसाच्या निर्यातीला भारतात बंदी आहे. जगाच्या आकडेवारीत "भारतीय बीफ" म्हणून जे दिसतं ते म्हशीचं हाडविरहित मांस असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, पण न्हावाशेवा बंदरातून म्हशीचं मांस मोठ्या प्रमाणात जातं. त्यातलं बरंच उत्तर प्रदेशातून येतं.

बीएसईच्या बाबतीत भारताची बाजू भक्कम आहे. एकही रोगी जनावर आढळलेलं नाही आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेनं २०१० साली भारताला "नगण्य धोका" या गटात घातलं. आपल्या म्हशी कडबा, पेंढा, पेंड आणि हिरवळ खातात, हे त्यामागचं मोठं कारण. तरीही श्रीमंत बाजार आपल्याला बंद आहेत, कारण लाळ्या-खुरकूत. म्हणून मांसातल्या ग्रंथी काढून, थंड करून, सामू (पीएच) ६ च्या खाली आला हे मोजूनच माल पाठवतात, आणि तो व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इराक अशा देशांत जातो. खाद्य निर्दोष असलं तरी तेवढ्यानं भागत नाही.

खाद्याचा असा नियम भारत दुसऱ्यांना लावतो का?

लावतो. बाहेरचं दूध, चीज वगैरे आणायचं तर ज्या गाईंचं ते आहे त्यांना रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे अवयव, रक्ताची भुकटी किंवा ऊती असलेलं खाद्य कधीही दिलेलं नाही, असा दाखला भारत मागतो. अमेरिकेत रक्ताची भुकटी चालते, त्यामुळे तिथल्या डेअऱ्यांना तो देणं जड जातं आणि व्यापाराच्या बोलण्यांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. अमेरिका याला अशास्त्रीय म्हणते. भारत यामागे लोकांची धार्मिक भावना आहे असं सांगतो. बीफच्या बाबतीत जपान-कोरियाचा हट्ट सहन करणाऱ्या अमेरिकेला ही भाषा नवी नाही.

आमच्या गोठ्यात वीसच जनावरं आहेत. आम्ही काय बघावं?

डिसेंबर २०१९ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं आदेश काढला: दूध आणि मांस देणाऱ्या जनावरांना, कोंबडी, डुक्कर आणि मासे सोडून, गोवंश-म्हैसवर्गीय किंवा डुकराचं मांस, हाडं, रक्त, अवयव असलेलं खाद्य द्यायचं नाही. म्हणून कोंबडीखाद्याचं पोतं स्वस्तात मिळालं तरी म्हशीला घालू नका, आणि दोन्ही खाद्यं एकाच कोठीत ओतू नका. सुग्रास घेताना पोत्यावर आयएस २०५२ हे मानक छापलेलं आहे का बघा. त्या मानकात बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन बी-१ विषाला किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. पावसाळ्यात ओल लागलेली सरकी पेंड किंवा मका भरडा ती सहज ओलांडतो आणि विष दुधात उतरतं. काळी पडलेली, कुबट वासाची पेंड जनावरानं खाल्ली तरी देऊ नका. पोत्याची पावती आणि त्यावरचा बॅच क्रमांक वर्षभर तरी जपून ठेवा. जनावर आजारी पडलं किंवा दूध संघानं दूध परत पाठवलं, तर कारखानदाराला जाब विचारायला तोच कागद लागतो.